लाजाळूची कड

हौसाबाई कुठल्याही बागेत शिरताना आधी चपला काढायच्या. देवळापाशी काढतात तशा अदबीने नव्हे. फाटकाशी उभ्या राहून एक पाय झटकला की एक चप्पल कुंपणाकडे, दुसरा झटकला की दुसरी रस्त्याकडे. मग नऊवारीचा काठ गुडघ्याशी खोचून, कुणाशी एक शब्द न बोलता, त्या सरळ चालू लागायच्या. मालक पुढे येऊन "या, बसा" म्हणाला तर हात वर करून त्याला थांबवायच्या. "मानसाशी मागनं बोलू. आदी जमिनीचं काय म्हननं हाय ते ऐकू द्या."

पहिल्यांदा त्या आमच्याकडे आल्या तो मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता आणि माझ्या हातात यादी होती. ती नेहमीच असते. पंचवीस वर्षं एका कॉलेजच्या कार्यालयात काढल्यावर मी यादीशिवाय दूधसुद्धा तापवत नाही. त्या दिवशीच्या यादीत सात कामं होती. दुसरं काम, तळ्यातली कमळं आणि काठचं वेखंड काढून नर्सरीला देणे. तिसरं, सोमवारी मुरमाचा ट्रॅक्टर. चौथं, तळं बुजवणे. हौसाबाईंना पिरंगुटच्या रस्त्यावरच्या नर्सरीने पाठवलं होतं ते फक्त दुसऱ्या कामासाठी. चौथ्याशी त्यांचा काही संबंध नव्हता.

तळं माझ्या नवऱ्याने, विजयने, स्वतः खणलेलं. तो उरवड्याच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग करायचा. भूगावचा फ्लॅट विकून आम्ही जवळच दहा गुंठे घेतले, घर बांधलं, आणि घराच्या मागे, जांभळाखाली, त्याने आधी कागदावर आणि मग जमिनीवर हे तळं काढलं. वीस फूट लांब, बारा फूट रुंद, मध्ये चार फूट खोल. काठ उतरता, आणि उतार संपला की सरळ खाली. तेव्हा त्याला काठ दिसत होता.

मग काचबिंदू झाला. बाजूचं दिसणं आधी गेलं, मग बरंचसं मधलंही. बावधनच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं परत येत नाही, आहे ते जपायचं. विजय घरातून एकटा जायचा अशी एकच जागा उरली होती, ती म्हणजे तळ्याकाठचं बाकडं. सकाळी सात वाजता मागच्या दारातून निघायचा, तासभर बसायचा आणि परत यायचा. एप्रिलमध्ये एकदा मी खिडकीतून पाहिलं तर त्याचा डावा पाय पाण्यात होता आणि चप्पल तरंगत होती. तो स्वतःच मागे सरला. त्या रात्री मी यादी केली.

त्याला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बुजव. पण मग मला व्हरांड्यातच बसवून ठेव. कायमचं."

हौसाबाईंनी तळ्याभोवती तीन चकरा मारल्या. साठी ओलांडलेली ठेंगणी बाई, पायाची बोटं पंख्यासारखी फाकलेली, डावं मनगट जरा वाकडं. उताराच्या एका जागी त्या थांबल्या, टाचेने जमीन दाबून पाहिली, मग माझ्याकडे आल्या.

"झरा हाय हितं. जितं पानी हाय. बुजवताय कशापायी?"

"ह्यांना दिसत नाही," मी खालच्या आवाजात म्हणाले. विजय व्हरांड्यात बसला होता.

"दिसत न्हाई मंजी? पाय हायेत न्हवं?"

माझ्या अंगाची लाही झाली. मी तिला बाहेरचा रस्ता दाखवणार, तेवढ्यात व्हरांड्यातून हसण्याचा आवाज आला. कित्येक महिन्यांत विजय असा हसला नव्हता. "दोन्ही आहेत, हौसाबाई," तो तिथूनच ओरडला. नर्सरीवाल्याने फोनवर सांगितलेलं नाव त्याने लक्षात ठेवलं होतं.

"मग चाललं की! आवो, भाताचा भारा डोईवर घिऊन बांधावरनं चालताना म्या कदी माजं पाय बगितल्यात? भारा डोळ्यावर येतो. म्होरचं मानूस दिसत न्हाई, बांध दिसत न्हाई. बांध वीतभर रुंद, दोनी अंगाला चिखूल. चाळीस वरसं चालले. पायाला समदं कळतं. तुमी त्येला इचारतच न्हाई." मग माझ्या हातातल्या कागदाकडे बोट करून म्हणाल्या, "त्ये काय हाय?"

"यादी."

"वाचा."

का कोण जाणे, मी वाचली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलं, "ह्यात सायबाचं पाय कुटं लिव्हल्यात?"

सोमवारचा ट्रॅक्टर मी पुढे ढकलला. रद्द केला नाही. दिवाळीपर्यंत मुदत, असं मी तिथल्या तिथे दोघांनाही स्पष्ट सांगितलं. तोवर विजय एकदा जरी घसरला, एकदा जरी पाण्यात पाय गेला, तर मुरूम येणार आणि मग कुणीही मध्ये बोलायचं नाही. हौसाबाईंची एकच अट होती. "सायबांनी चप्पल घालायची न्हाई. चप्पल घालून येनार आसलं तर झाडं लावून उपेग न्हाई, गालिचाच आंथरा."

तळ्याभोवती जमीन झाकणारी झाडं लावायची, एवढं ठरलं. दोन दिवसांत मी अकरा झाडांची यादी केली. रकाने पाच: नाव, ऊन, पाणी, उंची, पसरायला लागणारा वेळ. हौसाबाई मिश्री लावत अंगणात उकिडव्या बसल्या आणि मी एकेक नाव वाचत गेले. मोंडो गवताचा नमुना हातात घेऊन त्यांनी तळव्याने दाबला.

"गादीवानी हाय. मऊ जागी पाय झोपतो. नको."

"हे बघा, ही छान पसरते. वेडेलिया. पिवळी फुलं येतात, तीन महिन्यांत सगळी कड झाकून टाकेल."

"कड झाकायची हाय का दाखवायची हाय? नीट ठरवा आदी."

"आणि हे तेरड्यासारखं?"

"दिवाळीला मरतंय. मग सायेब काय, दिवाळीपतुर चालनार आन् फुडं बसनार?"

अकरातली नऊ नावं गेली. उरलेल्या दोनांत त्यांनी आपली घातली आणि मला पहिल्यांदा कळलं की त्या काय करतायत. मागच्या दारापासून फरशीची वाट जिथे संपते तिथे दोन्ही अंगाला, दगडांवर माती उंच करून, पानओवा. पोटरी घासली की वास सुटतो. म्हणजे घर संपलं. मग हरळी, तळव्याला ओळखीची, कुरकुरीत. अगदी पाण्याच्या कडेला वेखंड होतंच. ते काढायचं नाही, उलट दाट करायचं, कारण त्याचा ओलसर वास हा शेवटचा इशारा. झऱ्याच्या पाझराजवळ ब्राह्मी, तिथे दुसरं काही जगत नाही म्हणून. आणि हरळी आणि वेखंड यांच्या मध्ये, बाकड्याच्या पुढून जाणारा, दोन वीत रुंदीचा एक पट्टा लाजाळूचा.

माझ्या यादीतलं पाचवं काम होतं, लाजाळू समूळ काढणे. सगळ्या प्लॉटभर ती माजली होती.

"लाजाळूला काटे असतात हौसाबाई."

"मग? म्हनून तर. ही राखनदार हाय. बोलावत न्हाई, सांगत न्हाई, फकस्त टोचती. हितवर ये, फुडं नको."

"तिच्यात जनावर बसेल."

"त्ये खरं हाय. दाट झालं की लांबडं बसतंय. म्हनून म्या दर पंद्रा दिसांनी खाली कापनार, चार बोटं. लावलं आन् इसरलं, आसं हितं चालत न्हाई." आणि खुरपं दगडावर दोनदा आपटलं. ते दोन ठोके म्हणजे विषय संपला.

जूनभर त्या येत राहिल्या. पावसात डोक्यावर प्लास्टिकची खोळ, पाय उघडे. विजय छत्री धरून बाकड्यावर बसायचा आणि त्या कामाबरोबर त्याची खोड काढायच्या. विजयने पावलं मोजायला सुरुवात केली होती, दारापासून बाकड्यापर्यंत अठ्ठेचाळीस. हौसाबाईंना ते मुळीच पटलं नाही.

"मोजू नगा, सायेब. येक शिंक आली की गेलं समदं गनित पान्यात."

"मग काय करू?"

"काय करायचं न्हाई. चालायचं. टोचलं की थांबायचं. डावीकडं वळायचं, उजव्या पायाच्या करंगळीला लाजाळू लागत ठेवायची. बाकडं यील."

तो एकटा पहिल्यांदा निघाला तो दिवस मला मिनिटामिनिटाने आठवतो. जुलैची सकाळ, पाऊस थांबलेला, सगळं शेवाळलेलं. हौसाबाई आणि मी मागच्या पायरीवर उभ्या. विजय अनवाणी फरशीवरून गेला, पानओव्यात पोटरी घासली, हरळीवर आला. तिथे त्याची दिशा जरा उजवीकडे चुकली. उजवीकडे उतार लवकर सुरू होतो. माझं तोंड उघडलं होतं. हौसाबाईंनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली.

"हाक मारू नगा."

"अहो, तो—"

"हाक मारली की मानूस पायाचं ऐकत न्हाई. तुमचं ऐकतं."

विजय आणखी तीन पावलं गेला. मग त्याचा उजवा पाय झटकन वर आला. बगळ्यासारखा तो एका पायावर उभा राहिला. "आलं," असं मोठ्याने म्हणाला, डावीकडे वळला, आणि करंगळीने लाजाळू चाचपत बाकड्यापर्यंत जाऊन बसला. हौसाबाईंनी माझं मनगट सोडलं. त्यांच्या बोटांचे वळ दुपारपर्यंत होते.

"च्या टाका आता," त्या म्हणाल्या. "साखर जास्त. यादीत लिव्हा हवं तर."

तेव्हापासून त्या मला 'यादीवाल्या बाई' म्हणायच्या, तोंडावर. दिवाळी आली, गेली. ट्रॅक्टरवाल्याला मी नको म्हणून सांगितलं. वर्षभर विजय रोज सातला निघत होता, रोज "आलं" म्हणत होता, आणि त्या वर्षात त्याचं उरलंसुरलं दिसणंही गेलं. पण त्यामुळे सकाळच्या वाटेत काही फरक पडला नाही. ज्या पूर्ण अंधाराची मला सगळ्यात जास्त भीती होती तो आला तेव्हा तो बाकड्यावर बसलेला होता.

आता जे लिहायचं आहे ते माझ्या चुकीबद्दल आहे, म्हणून सरळ लिहिते.

दुसऱ्या वर्षी जुलैत हौसाबाई भातलावणीला गेल्या. त्यांच्या मुलाने, संतोषने, निम्मी जमीन विकून चार खोल्या बांधल्या होत्या आणि कारखान्यातल्या परप्रांतीय पोरांना भाड्याने दिल्या होत्या. पण ओढ्याकडची दोन भातखाचरं हौसाबाईंनी सोडली नव्हती. लावणी, मग बेणणी, म्हणजे भातातलं तण काढणं. "दोन म्हयनं न्हाई येनार. लाजाळू कापत ऱ्हावा, दुसरं कायबी करू नगा," असं बजावून गेल्या.

पहिल्या पंधरवड्याला मी ती कापली. एका सकाळी विजय बाकड्यावरून परत आला आणि स्वयंपाकघराच्या पांढऱ्या फरशीवर रक्ताचे ठिपके उमटले. बारीक, टाचणीच्या टोकाएवढे. त्याला दिसत नव्हते. मी त्याला बसवून तळवा पाहिला तर जुने, नवे, किती तरी काट्यांचे डाग. "दुखत नाही गं," तो म्हणाला. दुखत नसेलही. पण रोज सकाळी ते ठिपके पुसायचे आणि रोज स्वतःला सांगायचं की हे बरोबर आहे, हे मला जमेना. एका आठवड्यानंतर मी दोन मजूर लावले, लाजाळू मुळासकट काढली आणि पट्ट्यात वेडेलिया लावली. मऊ, तुकतुकीत पानांची. विजयला सांगितलं, हरळी संपून मऊ लागलं की थांबायचं. त्याने विचारलं, "हौसाबाईंना विचारलंस?" मी म्हणाले, त्या आल्या की सांगू.

पहिले काही दिवस ठीक गेले. मुळशीच्या पावसात वेडेलिया मात्र पट्ट्यात राहत नाही. ती हरळीत घुसली, वेखंडाला गुंडाळून पुढे गेली, आणि पाण्यावर पसरली. मी रोज खिडकीतून पाहत होते आणि मला ते सुंदर वाटत होतं. हिरवी कड, पिवळी फुलं, पाण्याची रेघच नाही. तिथे हातभर अंतर जमीन नव्हती हे मला, दोन डोळे असून, दिसत नव्हतं.

गौरी गेल्या त्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी मी खिडकीशी होते. विजय हरळीवरून आला, मऊ लागलं, पण मऊ आता चार पावलं आधीच लागत होतं, त्याला ते ठाऊक झालेलं, म्हणून तो चालत राहिला. नेहमीच्या जागेच्या पुढे गेला. आणखी पुढे. मी खिडकीतून किंचाळले, "विजय! थांब!"

तो माझ्या आवाजाकडे वळला. वळताना एक पाय पुढे पडला, हिरव्यावर. हिरवं खाली गेलं आणि त्याच्याबरोबर तो.

मी धावत पोचले तेव्हा वेलांच्या जाळ्यातून त्याचा एक हात वर होता. तळं चार फूट. उभा माणूस बुडत नाही. पण तो उभा नव्हता, पायात वेल गुंतले होते आणि वर कुठे, खाली कुठे, ते त्याला कळत नव्हतं. मी कपड्यांसकट आत उतरले. त्याला ओढून काठावर आणला, पालथा केला. तो खोकत होता, खोकत होता, आणि मी त्याच्या पाठीवर हात मारत देवाची माहीत असलेली सगळी नावं घेत होते. कोपर फुटलं होतं. एवढंच लागलं. दुपारी कोरडे कपडे घालून व्हरांड्यात बसल्यावर तो शांतपणे म्हणाला, "ट्रॅक्टरवाल्याला फोन कर."

या वेळी ते त्याने सांगितलं होतं. मी नवा कागद घेतला आणि लिहिलं, एक, तळं बुजवणे. पुढे काही सुचेना. नुसता एक आकडा असलेली यादी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

चार दिवस तो व्हरांड्यातून उठला नाही. पाचव्या दिवशी हौसाबाई आल्या. बातमी गावात पोचली होती. चपला नेहमीसारख्या झटकल्या आणि तळ्याशी गेल्या. मी मागोमाग. वेडेलियाकडे त्यांनी कितीतरी वेळ पाहिलं.

"ह्या पिवळ्या भवानीला कुनी बोलावलं हुतं?"

"मी. त्यांच्या पायातून रक्त यायचं, हौसाबाई."

त्या खाली वाकल्या. बसून वेल बाजूला करू लागल्या, हळूहळू, एखादं पान उलटावं तसे. खालची माती अजून ओली होती, ठसे होते. त्यांनी बोट ठेवलं.

"हितं थांबलं हुतं सायेब. ह्या बगा दोनी टाचा, खोल. वेखंडाचा वास आला आसंल. पायानं थांबवलं हुतं त्यास्नी." मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "थांबल्यालं मानूस वळलं कशापायी?"

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. विजयलाही आठवत नव्हतं, किंवा त्याने तसं दाखवलं होतं. त्या दोन टाचांच्या खळग्यांत पाणी साचलं होतं.

"मी हाक मारली," मी म्हणाले.

वाटलं, आता त्या वाट्टेल ते बोलतील. त्यांनी डावा हात पुढे केला, वाकडं मनगट माझ्यासमोर धरलं. "ह्ये बगा. लगीन होऊन दुसरं वरीस. डोईवर भारा, बांधावर आदल्या रातचा पाऊस. पाय बराबर चालला हुता. मागनं सासूबाय वरडल्या, 'हौसे, जपून!' मायेनंच वरडल्या. म्या गेले भाऱ्यासकट खाचरात. हाड वाकडंच जुळलं." हात मागे घेतला. "सासूबाय मरूस्तवर रडत हुत्या ह्या हातापायी. तुमी रडत बसू नगा. चपला काडा."

मी काढल्या. त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही दोघींनी वेडेलिया उपटली. पाण्यातली, हरळीतली, वेखंडाच्या गळ्यातली. एक कांडं राहिलं तरी पुन्हा येते म्हणून हौसाबाईंनी प्रत्येक तुकडा गोणीत भरायला लावला. माझे पाय मातीत होते, बऱ्याच वर्षांनी. कुठे पाझर आहे, कुठे जमीन पोकळ आहे, ते चालता चालता कळत होतं, आणि ते पाच रकान्यांपैकी एकाही रकान्यात नव्हतं.

पण विजय उठेना. हौसाबाईंनी त्याला समजावलं नाही, धीरही दिला नाही. नुसत्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, लाजाळू परत लावायची हाय. मागल्या टायमाला जागा म्या ठरवली हुती. चुकली आसंल. आता तुमी सांगा, थांबायचं कुटं?"

"तुम्हीच ठरवा. मी येत नाही."

"म्या का ठरवू? पाय कुनाचं?"

"हौसाबाई, मला भीती वाटते." विजयने हे मला सांगितलं नव्हतं.

"वाटू द्या की. भ्यालेलं पाऊल हळू पडतंय. त्येच पायजे." आणि दोन ठोके. खुरपं हातात नव्हतं तेव्हा, म्हणून व्हरांड्याच्या खांबावर बोटांनीच वाजवले.

तो उठला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हौसाबाईंनी त्याचा हात धरला नाही, पुढून चालल्या, पाय मुद्दाम घासत, म्हणजे त्याला ऐकू यावं. हरळीच्या टोकाशी त्याने त्यांना थांबायला सांगितलं. स्वतः खाली बसला. हातांनी जमीन चाचपत, वितीवितीने, पुढे सरकला. जिथे उतार पहिल्यांदा बोटांना कळला तिथे थांबला, मग हातभर मागे आला, मग आणखी हातभर. पूर्वी ड्रॉइंग करायचा तशी त्याने मातीत बोटाने रेघ ओढली. "इथे. आणि रुंदी दुप्पट."

"मंग आदीची चुकलीच हुती," हौसाबाई म्हणाल्या. "म्या ठेंगनी. माजं पाऊल ल्हान. तुमचं लांब पडतंय." ही चूक त्यांनी एवढ्या सहज कबूल केली की मला माझी कबूल करायला चार दिवस लागले याची लाज वाटली.

लाजाळू रुजेपर्यंत महिनाभर पट्ट्यात खडी टाकून ठेवली होती. विजय पुन्हा एकटा निघाला त्या सकाळी हौसाबाई मुद्दाम पायरीवर आल्या होत्या. माझं मनगट धरायला, असं मला वाटलं. त्यांनी धरलं नाही. दोन्ही हात पदरात गुंडाळून उभ्या राहिल्या. मी दात आवळून उभी होते. तो गेला, थांबला. "आलं." वळला, बसला.

"शिकलात," हौसाबाई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

त्यानंतरची दीड वर्षं त्या पंधरा दिवसांनी यायच्या, लाजाळू चार बोटं कापायच्या, विजयशेजारी बाकड्यावर बसायच्या. अनवाणी पावलांचा तो फताफत आवाज विजय दुरून ओळखायचा. "या हौसाबाई," असं मागे न वळता म्हणायचा. मग दोघांचं भांडण सुरू, पाऊस किती होणार, भात कोणतं लावायचं, संतोषने उरलेली खाचरं विकू नयेत म्हणून काय करायचं. फरशीवरचे ठिपके मी अजूनही रोज पुसते. यादीत त्याला एक ओळ आहे, दुधाच्या खाली.

या वर्षी, उन्हाळा सुरू होताना, एका सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. विजय नुकताच मागच्या दारातून निघाला होता. फोनवर संतोष होता. "बाई, आय गेली," तो म्हणाला. "चुलीपुढं बसली हुती. च्या ठेवला हुता." दहा वाजता नेणार होते.

मी खिडकीशी आले. विजय फरशीच्या टोकाला होता. पानओव्याचा वास खिडकीपर्यंत येत होता. त्याने मागे वळून विचारलं असतं, कुणाचा फोन, तर मी सांगितलं असतं. पण तो चालत होता. हरळीवर आला. त्याला मोठ्याने हाक मारावीशी वाटली, पण मी खिडकीचा गज धरून उभी राहिले. आणखी दोन पावलं. तीन. त्याचा उजवा पाय झटकन वर आला.

"आलं," तो म्हणाला. डावीकडे वळला. करंगळीने चाचपत गेला, बाकड्याच्या पाठीला हात लावला, बसला.

मग मी चपला काढल्या. मागच्या दारातून उतरले, फरशी, पानओवा, हरळी. सांगायचं कसं त्याची जुळवाजुळव करत होते, त्यामुळे पावलांकडे लक्ष नव्हतं. विजयने मान जरा वर केली. चेहऱ्यावर हसू आलं.

"या हौसाबाई," तो म्हणाला. "आज लवकर?"

मी त्याच्या शेजारी बसले. हात हातात घेतला, आणि मग सांगितलं.